आत्या आणि न भरणाऱ्या जखमा

माझ्या आत्याला माणसं घोट्याच्या वर फारशी माहीतच नसतात. जामखेडच्या एका छोट्या दवाखान्यात ती वर्षानुवर्षं ड्रेसिंग करते, मी तिच्या हाताखाली असते. लग्नाहून आल्यावर नवरदेव कसा होता विचारलं, तर म्हणते, "टाचांना भेगा आहेत." न भरणाऱ्या जखमांना तिच्या लेखी स्वभाव असतात. घोट्याच्या आतल्या अंगाला पाझरत बसलेली, भोवतीची कातडी काळवंडलेली, ती 'रडकी'. शुगरवाल्याच्या तळव्याला भोक पाडूनही न दुखणारी, ती 'मुकी'. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या माकडहाडावरच्या जखमेला मात्र ती नाव ठेवत नाही, लेकाला धारेवर धरते. "आईला कुशीवर वळवायला काय जड झालं रे?" मग त्यालाच चहा पाजते.

मागच्या हंगामात ऊसतोडीहून परतलेले एक काका घोट्यावर जखम घेऊन आले. आमच्या तरुण डॉक्टरांनी घट्ट पट्टी लिहून दिली, कारण रडक्या जखमा तशाच भरतात. आत्यानं पट्टी हातात घेतली आणि विचारलं, "दादा, झोपता कसं?" मला वाटलं, झाल्या गप्पा सुरू.

"झोपतोय कुठं सिस्टर! पाय वर घेतला की लई ठणकतो. बाजंवरनं खाली सोडला की जरा बरं वाटतं."

आत्यानं पट्टी खाली ठेवली. गार पावलावर दोन बोटं टेकवून नाडी शोधली. लागेना. "डॉक्टर, यात रक्तच उतरत नाहीये. आवळून बांधलं तर पाय जाईल." डॉक्टरांनीही बोटं टेकवली आणि लिहिलेलं खोडलं.

लगेच नगरला पाठवायचं ठरलं. "तुझं इंग्रजी मांजरासारखं माळ्यावर लपतं, आज खाली काढ," म्हणत आत्यानं मला चिठ्ठी लिहायला बसवलं. ती मराठीत सांगत गेली, मी लिहीत गेले: कडा, रंग, गारवा, झोपायची तऱ्हा. खाली डॉक्टरांची सही.

नगरला अडलेली रक्तवाहिनी मोकळी केली. एक बोट गेलं, पाय राहिला. महिन्यानं काका चालत आले. "तिथले मोठे डॉक्टर म्हनले, चिठ्ठी लिहिनारा लई हुशार हाय!" आत्याचं लक्ष नव्हतं. तिनं माझी बोटं ओढून त्यांच्या पावलावर ठेवली. "बघ, लागतेय."

खरंच लागत होती. चिठ्ठीत मी सगळं नीट लिहिलं होतं. आत्याचं नाव तेवढं कुठेच लिहिलं नव्हतं.