कोपरा खाणारं मशीन

आधी चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर अर्ध्यात ठसका लागेल आणि म्हणाल, भाऊसाहेबांनी मारलं! त्या बाबतीत माझं नाव आधीच खराब आहे. एका जित्याजागत्या माणसाला मी दोनशे घरांत मारलंय. तोही स्वस्तात!

आमचं गाव कडावच्या पलीकडे. गावातली शाळा आमच्या नाना मास्तरांनी उभी केलेली, आधी गुरांच्या गोठ्यात आणि मग चार भिंतींत. मी त्या शाळेतला एकुलता एक कारकून, म्हणून सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे. माझी ख्याती एकच, काटकसर. वापरलेल्या खडूंचे तुकडे मी डबीत जपून ठेवायचो. मास्तरांनी नवा खडू मागितला की आधी डबी पुढे करायचो. मास्तर मागे काय म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही.

तर नाना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती आणि दम्याने त्यांना पार पिंजून काढलं होतं. मार्गशीर्षात कर्जतच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "होळी बघतील असं वाटत नाही."

मी भेटायला गेलो. नाना बाजेवर उशांना टेकून बसले होते. एकेक शब्दाला दम घेत म्हणाले, "भाऊसाहेब, मेल्यावर येतील रं सगळी. मला काय त्याचं? जिता हाय तवर एकदा डोळं भरून बघायचीत माझी पोरं. आन यशवंता आला पायजे."

यशवंत म्हणजे कशेळ्याच्या वरच्या वाडीतला बिनआईबापाचा पोर. नानांनी घरात ठेवून शिकवला. आता मुंबईकडे कारखान्यात फोरमन झाला होता. नाना-नानींना मूल नव्हतं, त्यावरून काय ते समजा.

मी तिथल्या तिथे शब्द दिला. "नाना, तुमचा सत्कारच करू! सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं टाकतो."

सगळे मिळून दोनशे निघाले. हेडमास्तर म्हणाले, कर्जतच्या छापखान्यातून छापून आणा. छापखानेवाल्याने भाव सांगितला आणि मला भर थंडीत घाम फुटला. मग मनात आलं, एकदाच छापायला एवढे मोजण्यापेक्षा शाळेला एक सायक्लोस्टाइल मशीनच का घेऊ नये? मेणकागदावर लोखंडी पेनाने लिहायचं, तो रुळावर चढवायचा, हँडल फिरवायचं. वीज नको, काही नको. परीक्षेचे पेपरही त्यावरच निघतील! मुंबईत जाऊन नव्या मशीनची किंमत विचारली आणि दुकानदाराला हात जोडून उलट पावली परत आलो.

शेवटी कोणीतरी सांगितलं, रसायनीला एका कारखान्याच्या ऑफिसातलं जुनं सामान विकायला काढलंय. गेलो. तिथला स्टोअरकीपर मशीनवरची धूळ झटकत म्हणाला, "घ्या. तुमच्यासाठीच ठेवलंय."

"चालतं का?"

"चालतं? पळतं!" त्याने फुलस्केप घातला, हँडल फिरवलं, कागद सुळकन छापून बाहेर.

"खोड काय याची?"

"खोड काही नाही. फक्त जाड कागद घालू नका. जाडाला ते जरा चावतं."

"चावतं म्हणजे?"

"एवढंसं." त्याने करंगळीचं नख दाखवलं.

आता तुम्हीच सांगा, पोस्टकार्ड जाड की पातळ? माझ्या मते पातळ. मशीनचं मत मी विचारलं नाही. किंमत ऐकली, एवढी उतरलेली, की कान तिथेच बंद झाले. मशीन एसटीच्या टपावर चढवलं आणि लढाई जिंकून आल्यासारखा गावात उतरलो.

दुसऱ्या दिवशी छपाई सुरू. मी हँडलवर, आमचा शिपाई धाकू पलीकडे पत्रं गोळा करायला. दहा-बारा पत्रं झाली असतील, धाकू म्हणाला, "भाऊसाहेब..."

"मध्ये बोलू नकोस, मोजणी चुकते!"

थोड्या वेळाने पुन्हा, "भाऊसाहेब, जरा हिकडं..."

"धाकू!"

धाकू पत्रं गोळा करत राहिला. दोनशे पूर्ण करून मी घाम पुसत पलीकडे गेलो आणि बघतो तर काय! एकूणएक पोस्टकार्डाचा वरचा कोपरा गायब. शेळीने कुरतडावा तसा.

धाकू हळूच म्हणाला, "फाटक्या कोपऱ्याचं पत्र म्हंजे मयताचं वो. आमी तर उंबऱ्याच्या आत पन नाय घेत. भायरच फाडायचं नि आंघोळ करायची."

मला हे माहीत नव्हतं का? होतं हो! आपली सगळ्यांचीच रीत ती. पण दोनशे कोरी पोस्टकार्डं पुन्हा आणायची? खडूचे तुकडे जपणाऱ्या माणसाने? मी धाकूवरच डाफरलो. "ही काय अडाणी माणसं आहेत? नानांनी शिकवलेली माणसं आहेत! ठळक अक्षरात 'सत्कार समारंभ' लिहिलंय. वाचतील की!"

"तुमी म्हनता तर वाचतील," धाकू म्हणाला. त्याचं तोंड मात्र पडलेलंच.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण कुरतडलेले कोपरे दिसायला वाईट दिसतात म्हणून मी कातरी घेतली आणि दोनशेच्या दोनशे कोपरे सुबक, तिरके कापले. म्हणजे कोणाला चुकून शंका आली असती की उंदराने खाल्लं असेल, तर तीही मीच कापून टाकली.

रविवार उजाडला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला, नानांना खुर्चीत बसवलं. कोट अंगावर नुसता टांगल्यासारखा दिसत होता. हेडमास्तरांनी आल्याआल्या हार घातला. नऊ वाजले, दहा वाजले, कोणी नाही. नाना रस्त्याकडे बघत राहिले आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला.

साडेदहाला कशेळ्याकडची एसटी आली. पाच-सहा जण उतरले. मी आनंदाने पुढे झालो आणि जागीच थांबलो. पांढरे कपडे, खांद्यावर पंचे, खाली घातलेल्या माना. रविवारची सुट्टी बघून नानींना भेटायला आलेली माणसं होती ती! सगळ्यांच्या पुढे सोनूबाई, नानांनी शिकवलेली गावातली पहिली मुलगी. तिने मांडव बघितला, खुर्चीतले डोळे मिटलेले, हार घातलेले नाना बघितले आणि हंबरडाच फोडला, "नानाऽऽ! आता आमी कुनाकडं बघायचं वोऽऽ!" आणि धावत जाऊन पायांवर पडली.

नाना दचकून जागे झाले. "कोन गेलं रं?"

सोनूबाईने जी किंकाळी मारली, ती पार कडावात ऐकू गेली असेल. तिचा नवरा मांडवाच्या खांबाला मिठी मारून उभा. बाकीचे जिथे होते तिथे खाली बसले.

"नाना, तुमी... तुमचं पत्र आलं ना!"

"काय लिवलंय पत्रात?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सोनूबाईच डोळे पुसत म्हणाली, "वाचलं नाय नाना. कोपरा बघितला नि हात-पाय गळाले."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी मांडवाच्या छताकडे बघितलं.

दुपारपर्यंत अकरा माणसं आली. नानांनी विचारलं, "आन बाकीची?" सोनूबाईचा नवरा भोळा माणूस. सांगून मोकळा झाला, "आमच्या गावातल्यांनी आंघोळी केल्या नि गेली कामाला."

 नाना हारातलं एक फूल खुडत म्हणाले, "मीच शिकवलं ना रं यांना वाचायला?"

हसण्यासारखं होतं. पण कोणी हसलं नाही.

दोन दिवसांनी यशवंताचं पत्र आलं, नानींच्या नावाने. नानांनी ते मला वाचायला लावलं. सुट्टी मिळाली नाही, पण इथेच नदीवर जाऊन डोक्यावरचे केस दिले, मुलाने करायचं ते सगळं करतो, दहाव्याला येतो. नाना हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले आणि खोकता खोकता डोळ्यांना पंचा लावून बसले. "माझ्यापायी डोई भादरली येड्यानं. मला दाव रं एकदा ती भादरलेली डोई."

माझी मला लाज वाटली. अगदी आतून वाटली. मी बसलो आणि तीन दिवसांत दोनशे पत्रं हाताने लिहिली. प्रत्येकात तोच मजकूर: 'आमच्या यंत्राच्या दोषामुळे कोपरे फाटले. नाना सुखरूप आहेत. सत्काराची नवी तारीख याच यंत्रावर छापून कळवू. कोपरा फाटलेला दिसल्यास कोणीही घाबरू नये.'

हो, याच यंत्रावर! तेवढ्यासाठी चांगलं चालतं मशीन टाकून देऊ का?

आणि 'सुखरूप' लिहिलं. डॉक्टर काय म्हणाले ते लिहायला जागा होती, पण लिहिलं नाही. ती चूक मात्र मशीनची नव्हे. यशवंताचं उलट टपाली उत्तर आलं, 'वाचून जीव भांड्यात पडला. तारीख कळवा, त्या दिवसाची सुट्टी मिळवून येतोच.' नानांनी ते पत्र उशीखाली ठेवलं. रोज विचारायचे, "ठरली का रं तारीख?" मांडववाला मोकळा नव्हता, हेडमास्तर गावाला गेले होते, मी म्हणायचो, "ठरेल नाना, दोन दिवसांत ठरेल."

तारीख ठरली नाही आणि नाना गेले. पौषातल्या एका सकाळी, नानी चहा घेऊन आल्या तेव्हा.

सगळं उरकलं. बाहेरगावी तारा करायला पैसे पडतात म्हणून मी यशवंतालासुद्धा पत्रावरच ठेवलं. हेडमास्तर म्हणाले, दहाव्यानंतरच्या रविवारी शाळेत शोकसभा घेऊ, पत्रं पाठवा. मी ऑफिसात गेलो. कोपऱ्यात मशीन. आता खोटं कशाला सांगू? रडवेला झालो होतो, तरी मनात आलंच, या वेळी कोपरे फाडायचं काम वाचलं! मशीन आल्यापासून त्याला शोभेल असं काम पहिल्यांदाच निघालं होतं. छापली दोनशे. शाई जरा फिकट आली, कारण शाईही मी पुरवून पुरवून वापरत होतो. धाकूने एक पत्र उचलून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि या वेळी 'भाऊसाहेब'सुद्धा म्हणाला नाही.

तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. तेच पटांगण, तीच खुर्ची, खुर्चीत नानांचा फोटो. दहाच्या ठोक्याला रस्त्यावर वाजंत्री ऐकू आली. मला वाटलं, कोणाचं लग्न असेल. पण पौषात कुठलं लग्न? तेवढ्यात वळणावरून टेंपो आला. त्यात सनई, ढोल, आणि मागे माणसंच माणसं. एसटीने आली, बैलगाड्यांनी आली, सायकलींवर आली. ठेवणीतले कपडे, हातांत हार, नारळ, शाली. सोनूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन हसत पुढे!

"भाऊसाहेब, आता नाय फसायची आमी! पोस्टमन पन वरडूनच देत हुता पत्रं. घाबरू नका म्हने, शाळेचं मशीन हाय."

 मी नुसता हात केला, खुर्चीकडे. समोरचे थांबले, त्यांच्या मागचे थांबले. ढोल थांबला. सनईवाला तेवढा डोळे मिटून वाजवत होता. त्याला कोणीतरी खांद्याला धरून थांबवलं.

गर्दीतून यशवंत पुढे आला. टोपीच्या कडेखाली नुकतेच खुंटाएवढे केस उगवलेले, हातात घडी न मोडलेली शाल. माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाला, "मी वाचलंच नाय, भाऊसाहेब. फाटका कोपरा बघून हसलो. तारीख तेवढी बघितली."

त्याने शाल उलगडली आणि खुर्चीला पांघरली. मग टोपी काढून फोटोसमोर डोकं टेकलं, नानांना हवं होतं तसं. नानी मागे उभ्या होत्या. सगळ्या पटांगणावरून नजर फिरवत एवढंच म्हणाल्या, "बोलले हुते ते. मेल्यावर सगळी येतील."

दोनशेच्या दोनशे आले होते. एकही कमी नाही.

आता मीही नानांच्या वयाला आलो. शाळेत माझ्या खुर्चीवर माझा मुलगा बसतो. परवा त्याला जवळ बोलावून सांगितलं, "बाबा रे, माझ्या वेळी काटकसर करू नकोस. पत्रं कर्जतला चांगल्या छापखान्यात छापून घे."

त्याने थोडा विचार केला. रक्त माझंच ना! म्हणाला, "कशाला अप्पा? आपलं मशीन अजून चालतंय, कोपरे आपोआप फाटतात. आणि शाई वाळत चाललीय, तेव्हा आत्ताच छापून ठेवतो. तारखेची जागा तेवढी कोरी सोडतो."