एजंटाच्या चपला

आमच्या भागात भाड्यानं जागा मिळवून देणारा एजंट रिकाम्या गाळ्यातसुद्धा चपला काढूनच शिरायचा. आवाज कधी चढवायचा नाही. माझा गाळा त्यानंच शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना अकरा महिन्यांच्या करारावर दिला. नवरा अंथरुणाला खिळला आणि बाईंनी तिसऱ्याच महिन्यात गाळा सोडला.

“तुम्हाला दिलेली माझी दलाली वाया गेली. ती बाईंकडून वसूल करा,” मी एजंटाला बजावलं. अक्कलकोट रोडला त्यांच्या खोलीवर मीही गेलो.

त्यानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. बाईंकडं पाणी मागून प्यायला.

“लई वाईट वाटतं बगा, ताई. पन मुदतीआधी सोडलं तर भरपाई द्यायची, असं करारात लिवलंय की,” म्हणत त्यानं शिलाई मशीन एका बाजूनं उचललं.

दुसरी बाजू मी धरली. माझ्या पायात चपला तशाच होत्या.