कापूस तेवढाच

समोरचा मूर्खासारखं बोलू लागला की बाई चष्मा कपाळावर चढवायच्या. असलं तोंड स्पष्ट दिसायला नको म्हणून, असं त्याच सांगत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तो चष्मा नाकावर फार वेळ टिकत नसे.

मध्यभारत राज्याच्या दिवसांतली गोष्ट. इंदूरच्या एका मुलींच्या शाळेत बाई विज्ञान शिकवत, मी मराठी. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत धुळीचे प्रचंड ढग असतात, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश ती धूळ गिळून टाकते, असं पुस्तकात होतं. बाई पुस्तकावरही चिडत. "धूळ काय इस्त्री केलेली चादर आहे? तिचे गोळे होणार. मधल्या फटींतून प्रकाश आत शिरणारच."

मी म्हटलं, "तुम्ही बघून आलात का?"

चष्मा वर गेला.

पुढे शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. बाईंनी सराफ्याजवळच्या डॉक्टरांकडून गजकर्ण तपासायचा काळ्या काचेचा, अतिनील प्रकाश देणारा दिवा मागून आणला होता. खोलीला काळे पडदे लावले. दिव्यासमोर काचेची पेटी, तिच्यापलीकडे क्विनाइनच्या पाण्याची बाटली. अतिनील प्रकाश पडला की ते पाणी निळं चमकतं. पेटीत गिरणीतला कापूस पिंजून सारखा भरला. बाटली काळीच राहिली. मग त्याच कापसाचे गोळे करून ते दोऱ्यांनी टांगले. बाटली निळी उजळली. मुली ओरडल्याच.

"कापूस तेवढाच आहे, साहेब."

"वो सब ठीक है, बाईजी, पण हे शिकून मुली करणार काय?"

"निदान असलं विचारणार नाहीत."

मुली हसल्या, आणि साहेबांचं नाक कापलं गेलं. माफीपत्र द्या, नाहीतर नोकरी सोडा, असं हेडबाईंनी फर्मावलं. बाई लिहिणार नाहीत हे ठाऊक, म्हणून मला लिहायला बसवलं. मी लिहिलंही. 'क्षमाप्रार्थी' काय, 'कृपाभिलाषी' काय! शेपूट हलवायला मराठीत शब्दांची वाण नाही.

बाईंनी ते शांतपणे वाचलं. लाल पेन्सिलीनं शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या आणि सही न करता कागद मला परत दिला.

"मराठीच शिकवता ना तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन त्या निघाल्या. फाटकापाशी टांग्यात बसत होत्या, तेवढ्यात आठवीतली एक मुलगी धावत आली.

"बाई, गोळे आपले आपण फिरत राहिले तर?"

बाई हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. टांगा सुटला तरी मुलगी बाजूनं चालत विचारत होती, आणि बाई बाहेर वाकून, हातवारे करत तिला सांगत होत्या. काय सांगत होत्या, ते मला ऐकू आलं नाही. मी वरच्या मजल्यावर खिडकीआड उभी होते. खाली उतरायची माझी छाती झाली नाही.