वेशीबाहेर चित्र नव्हतं

चित्राची कल्पना माझ्या चुलत नणंदेच्या मुलीची. ती पुण्याला चित्रकला शिकते. तिने इंटरनेटवर एक मोठा मोकळा कागद उघडला आणि त्याची लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली. त्या कागदावर कोणीही यावं, एका वेळी एकच बारीकशी चौकट रंगवावी, मग थोडं थांबावं आणि पुन्हा एक रंगवावी. दुसऱ्याने रंगवलेल्या चौकटीवर आपला रंग टाकायची मुभा होती. चौकट कोणी रंगवली ते दिसत नसे. सगळ्यांनी मिळून आपलं गाव काढायचं होतं, एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत.

मला हे पटलं नव्हतं. दहा जणींनी एक आमटी केली की मीठ किती वेळा पडतं, ते मी बचत गटात पुष्कळदा पाहिलेलं आहे. पण एकदा काम सुरू झालं की ते विस्कळीत चाललेलं मला बघवत नाही. मी वाड्यांप्रमाणे भाग पाडून दिले. मुंबईवाल्यांनी देऊळ आणि तळी, आखातात असलेल्यांनी खाडी, गावातल्यांनी आपापली घरं. कोणता रंग कशाला, तेही लिहून पाठवलं.

पहिल्या आठवड्यातच भांडण लागलं. एकाच्या आंब्याची फांदी शेजाऱ्याच्या हद्दीत गेली. शेजाऱ्याने ती पुसली, आंबेवाल्याने पुन्हा काढली. खऱ्या जमिनीत त्या बांधावरून दोघांची केस चालू आहेच.

"तुझो आंबो माझ्या बांधार इलो," शेजाऱ्याने ग्रुपवर लिहिलं.

"सातबारो हाडलंस काय रे चित्राचो?" आंबेवाल्याने विचारलं.

ग्रुप दोन दिवस हसत होता. फांदी आजही अर्धी आहे.

मात्र चित्र वाढत गेलं. घरांना पडव्या आल्या, मग पुढच्या अंगणात, खळ्यात, माणसं आली. ज्याने त्याने स्वतःला काढलं. मी विहिरीजवळ निळ्या साडीत उभी होते. मला कोणी काढलं, माहीत नाही. मी नव्हतं काढलं.

आणि एक दिवस माझ्या थोरल्या जावेच्या खळ्यात तांबड्या शर्टातला एक माणूस उभा दिसला.

माझा पुतण्या, म्हणजे तिचा एकुलता मुलगा, गोव्यात हॉटेलात कामाला होता. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलने घरी यायचा. गेल्या वर्षी पावसाच्या आधी असाच येऊन परत निघाला आणि गोव्याला पोचलाच नाही. दोडामार्गच्या पुढे नदीच्या पुलाजवळ त्याची गाडी सापडली, नीट कडेला लावलेली, हँडलला हेल्मेट अडकवलेलं. चावी नव्हती. नदीत शोधलं, काही मिळालं नाही. पोलिसांकडे तक्रार तशीच पडून आहे. चावी त्याने बरोबर नेली, म्हणजे तो गाडी न्यायला परत येणार, असं जाऊ म्हणते. तिने कसलेही विधी केले नाहीत आणि करूही दिले नाहीत.

चित्रातल्या माणसाला आधी फक्त शर्ट होता. मग पाय आले. मग पाठीवर त्याची ती हिरवी सॅक आली. मी एकेकाला फोन करून विचारलं. ज्याला विचारावं तो तेच सांगे, "मी एकच चौकट घातलंय, काकी. बाकीचो आधीच होतो." पहिली चौकट कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ठरवून, भाग वाटून जे मला जमलं नव्हतं, ते इथे कोणीच न ठरवता झालं होतं. त्या उभं राहण्यात तो होता. एक खांदा किंचित खाली असायचा त्याचा, तोसुद्धा होता. मला ते बघताना बरं वाटलं नाही.

मी जावेला दाखवायला नको होतं की काय, हा विचार आता करून उपयोग नाही. दुसऱ्या कोणीतरी दाखवलंच असतं. तिने माझा फोन हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"माझो झील मा ह्यो?" ती म्हणाली.

"होय वयनी."

त्यानंतर ती रोज सकाळी यायची. चहा नको म्हणायची. "आसा मा गो?" एवढंच विचारायची. मी फोन पुढे करायची. असला की ती घरी जायची.

मग देवाचा कौल झाला. आमच्याकडे काही वर्षांनी गावपळण असते. देवाने कौल दिला की सगळा गाव घरं बंद करून वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस माळावर झोपड्या घालून राहतो. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं बरोबर न्यायचं. जिवंत असं काही मागे ठेवायचं नाही. ते दिवस गाव आपला नसतो, देवचारासारख्या भुताखेतांचा असतो. तेव्हा मागे राहिलेल्याचं काय होतं, ते कोणी स्पष्ट सांगत नाही.

मी तयारीला लागले होते. तांदूळ, कंदील, ताडपत्री, सासऱ्यांच्या गोळ्या. तेवढ्यात ग्रुपवर मुंबईच्या एका पोराने गंमत केली, "गाव पळतलो, मगे चित्रातली माणसां थंयच रवान काय करतली? देवचाराक चाय देतली?"

हसण्याची चिन्हं आली. मग कोणीतरी हसलं नाही. दुपारपर्यंत खारवीवाडीतली माणसं चित्रातून गेली होती. संध्याकाळपर्यंत कुत्री गेली. कोणी सांगितलं नव्हतं, पण ज्याने त्याने स्वतःवर मातीचा रंग टाकला. दुसऱ्या दिवशी दारंखिडक्याही काळ्या झाल्या. पुण्याच्या मुलीचा मला फोन आला. "मामी, हे आपण केलेलं सगळ्यात चांगलं काम आहे," ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "पण मला ते उघडायला भीती वाटते."

त्या रिकाम्या गावात एकच माणूस उरला होता, तांबड्या शर्टाचा.

ग्रुपवर सूचना सुरू झाल्या. पळणीत माणूस मागे ठेवू नये. आम्हाला बाधेल. त्यालाच बाधेल. शेवटी मानकरी असलेले आमच्या भावकीतले काका घरी आले आणि पडवीत बसून जावेला म्हणाले, "ज्याचो माणूस, तेणी न्हेवचो. गावाची रीत आसा ती."

"तेका खंय न्हेव?" जाऊ म्हणाली. "तो खंय आसा ता माका ठावक आसतां, तर मी घराक बसान रवलंय आसतंय?"

काका उठायला लागले.

"आणि पुसूचो म्हणशात, तर हात लावू नकात कोणी. माका इचारल्याशिवाय एक चौकट हलता नये."

मी मध्ये पडले नाही. मला दोन्ही बाजू दिसत होत्या आणि दोन्हींकडून ती त्याला गमावत होती. पुसला तर तिनेच पुसला. ठेवला तर पळणीच्या गावात एकटा ठेवला.

ढोल वाजला आणि आम्ही निघालो. जाऊ शेवटी आली. घराला कुलूप घालताना तिने दार जरासं पुन्हा उघडून आत पाहिलं.

माळावर पहिला दिवस गडबडीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन उघडला. तो खळ्यात नव्हता. मी चित्र इकडेतिकडे सरकवलं. मग दिसला. पाणंदीवर होता. दुपारी तो देवळाच्या कोपऱ्यावर होता. कोणीतरी मागची एक चौकट मातीची करत होतं आणि कोणीतरी पुढची एक तांबडी. पुसत नव्हते, त्याला चालवत होते. पूर्ण गाव माळावर फोन घेऊन बसलं होतं, मुंबईत आणि मस्कतमध्ये बसलं होतं, आणि एकमेकांशी न बोलता त्याला बाहेर आणत होतं.

मी जावेला दाखवलं. चुलीपाशी बसून ती त्याला चालताना बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच थोडी ढिलाई दिसली. तो आपल्याकडेच येत होता ना.

तो वेशीपाशी पोचला तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही चित्र वेशीपर्यंतच काढलं होतं. माळ काढलाच नव्हता. पुढे कागद नव्हता, मागून माती मात्र पडत होती.

मी ग्रुपवर लिहिलं, थांबा. बहुधा उशीर झाला. आधी सॅक दिसेनाशी झाली, मग खांदा. मग वेशीवर फक्त माती राहिली. त्याला बाहेर काढणाऱ्या प्रत्येकाने फक्त आपली एक चौकट टाकली होती.

देवाने परतायचा कौल दिला तसे आम्ही गावात आलो. त्याच संध्याकाळी चित्रात माणसं परतली. कुत्री आली, कोंबड्या आल्या, मी विहिरीजवळ आले. पाणंदीवर आधी नव्हती ती दोन मुलंही आली. तांबडा शर्ट आला नाही.

"गावान तेका भायर काडलो," जाऊ मला म्हणाली. "आता गावानच आत हाडूचो. लिव तसां."

मी लिहिलं. देवळात गाऱ्हाणं घालताना एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आमची जुनी सवय. तशी उत्तरं आली. व्हय म्हाराजा. जोडलेले हात. व्हय म्हाराजा. मोजता येऊ नयेत इतकी. आणि वेशीवर एकही चौकट पडली नाही. पहिली चौकट टाकणं म्हणजे तो जिवंत आहे असं स्वतःच्या बोटाने म्हणणं होतं. मीसुद्धा टाकली नाही. दोनदा बोट तिथे नेलं.

चार-पाच दिवस तिने वाट पाहिली. मग म्हणाली, "चौकट कशी घालतत ता माका दाखव." मी शिकवलं. ती फोन घेऊन पडवीत बसली आणि दुपारभर बसून राहिली. फोन परत मिळाला तेव्हा तिच्या खळ्यात कोणी नव्हतं. खळ्यात कोणीतरी काढलेली चित्रातली ती, पिवळ्या लुगड्यातली, आता वेशीवर उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली नाही. मी चित्र उघडलं. वेशीवर ती जवळजवळ नव्हतीच. पदराची कड तेवढी कागदात राहिली होती. मी ग्रुपवर विचारलं, कोणी केलं. मी नाय, मी नाय, मी नाय. मी चप्पल घालायची विसरून तिच्या घरी गेले.

ती पिशवी भरत होती.

"कोणी पुढे ढकललं तुका?"

"कोण ढकलतलो? मीच. रातीक शेजारच्या पोराचो फोन घेतलंय." तिने फाइलीतून पोलिसांच्या तक्रारीची प्रत काढली. "पुलावर जातंय. थंयसून पुढे गोव्याक."

"एकटी?"

"मगे काय गाव येतलो वांगडा?"

मी पिशवी तिच्याकडून घेतली. त्याचा फोटो तिने फ्रेमसकट घेतला होता. तो मी बाहेर काढून वर्तमानपत्रात गुंडाळला. छत्री नव्हती, ती टाकली. तिच्या गोळ्या टाकल्या. सावंतवाडीची गाडी किती वाजता, तिथून दोडामार्गची कुठे मिळते, पुलाजवळ उतरून विचारायचं कोणाला, हे सगळं मी बोलत होते आणि ती मान हलवत होती. पुलाखालच्या पाण्याबद्दल दोघीही बोललो नाही.

"तू कित्याक येतंस गो?" कुलूप घालताना तिने विचारलं.

मी तिची जुनी चप्पल पायात सरकवली आणि पिशवी उचलली. गाडी वळणावर दिसत होती.