मामांचा डोळा आणि माझ्या पायातला काटा

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राजूरला मामांकडे एक भलतीच गंमत झाली होती... मी पाचवीत होते, सुट्टीला गेले होते.

त्या वर्षी बैलाचं शिंग लागून मामांच्या उजव्या डोळ्यातला पडदा सुटला होता. मुंबईला ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, हलायचं नाही, आणि मामी रात्रंदिवस उशाशी. पट्ट्या निघाल्या, घरी आले... तर त्या डोळ्याने समोरचा डोंगरसुद्धा धूसर! डोळा गेलाच, असं मामांनी धरलं. मामीने एवढं केलं, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून गप्प बसले. हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

तशात माझ्या पायात काटा मोडला. मामी सुई घेऊन बसली, पण पन्नाशीत जवळचं कुठलं दिसायला... मामांचीही तीच गत. तरी त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि पार नाक टेकेपर्यंत वाकले. एक डोळा मिटला, मग दुसरा. मग डावा मिटूनच त्यांनी अलगद काटा काढला.

ज्या डोळ्यावर पाणी सोडलं होतं, त्यालाच काटा दिसला होता!

पुढे तपासणीला गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. घरी येऊन मला लिंबाभोवती सुतळी आवळून दाखवलं. पडदा पुन्हा टेकावा म्हणून डोळ्याला बाहेरून असाच सिलिकॉनचा पट्टा बांधला होता. त्याने डोळा किंचित लांबट झाला. मग लांबचं चित्र पडद्याच्या अलीकडेच पडायचं, जवळचं मात्र बरोबर पडद्यावर... लांबचं बघायला चष्मा लावला की झालं. ऑपरेशन उत्तम झालं होतं.

पण मला जास्त आठवतं ते काटा निघाल्यावरचं. मामांनी मामीला समोर बसवलं. डावा डोळा हाताने झाकला आणि तिच्याकडे बघत राहिले.

"डोळा गेला असं वाटलं हुतं मला. तुला बोललो न्हाई," ते म्हणाले. मग आणखी जवळ सरकून, "लई सुरकुत्या आल्या की गं तुला."

मामी हसली... आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.

आता मीही त्या वयाच्या पुढे गेलेय. कुणी आपल्या सुरकुत्या इतक्या आनंदाने बघाव्यात... मामीचा मला अजून हेवा वाटतो.