आजोबांना पुन्हा गिळता यायला लागलं तेव्हा

तुमच्या आजोबांच्या आजाराबद्दल तुमच्या आईने तुम्हाला ‘फार उशीर झाला होता’ एवढंच सांगितलं आहे. उशीर झाला नव्हता, आम्ही केला. कसा केला, ते क्रमाने लिहिते.

आजोबा तेव्हा तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरीला होते. आधी त्यांच्या घशाखाली पोळी अडकायची, मग भात, शेवटी पाणीसुद्धा. अन्ननलिकेत कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गाठ मोठी आहे, औषधं आणि किरणांचे शेक देऊन आधी ती लहान करू, मग ऑपरेशन. आधीचे उपचार म्हणजे नुसती तयारी, हे ते दोनदा म्हणाले.

पाच आठवडे आम्ही पनवेलहून एसटीने जात-येत होतो. परतताना वाशीच्या पुलावर ते पिशवीत ओकायचे आणि पिशवीची गाठ स्वतः मारायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत.

शेक संपल्यावर काही दिवसांनी मऊ भात उतरला. मग पोळी. मोठ्या वन्संनी, म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहिणीने, भावाचा घास उतरला तर सत्यनारायण घालीन असं बोलून ठेवलं होतं. त्यांनी लगेचची पौर्णिमा धरली. ऑपरेशनसाठी भरती व्हायचा दिवस तोच होता.

मी तसं म्हटलं. वन्सं वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, “देवाने बरा केलेला माणूस आता सुरीखाली घालणार? तुझा त्या कागदांवर भारी विश्वास. पोळी खातोय ना तो, की तेही डॉक्टरला विचारून सांगशील?”

सगळे हसले. आजोबाही हसले. पण दुपारी जेवणं झाल्यावर मी ताटं उचलत असताना ते स्वयंपाकघरात आले.

“तू सांग. जाऊ का?”

छाती उघडतात, जठर वर ओढून जोडतात, काही जण टेबलावरून उठत नाहीत, हे मला माहीत होतं. थांबलं तर गाठ पुन्हा वाढते, हेही माहीत होतं. तीन महिने मी त्यांना गाळलेली पेज चमच्याने पाजली होती, आणि त्या दिवशी त्यांनी आमटी दुसऱ्यांदा मागितली होती.

“पूजा होऊ दे,” मी म्हटलं. “मग बघू.”

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडजवळच्या पीसीओवरून मीच फोन करून तारीख पुढे ढकलली. पुढे आणखी दोनदा. मला कुणी भरीला घातलं नव्हतं.

चार महिन्यांनी प्यायलेला चहा उलटून पडला. डॉक्टरांनी नवे फोटो पाहिले. आजार यकृतात गेला होता, आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता. दिलेल्या तारखेला का आला नाहीत, असं त्यांनी विचारलं.

“घरी पूजा होती,” आजोबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर ते तुम्हाला भेटले असते, असं मी लिहिणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. संधी होती, एवढंच.

ते गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वन्सं सांगत होत्या, त्या मुंबईच्या औषधांनीच माझा भाऊ खाल्ला. मी शेजारीच बसलेली असायचे. मी त्यांचं म्हणणं एकदाही खोडून काढलं नाही. खोडलं असतं तर पुढचं मला बोलावं लागलं असतं.