विहिरीजवळचा वाफा

सासरी निघाले ती मी कापसाच्या ढिगावर बसून. नातवंडांना हे मी असं सांगते की त्यांना वाटावं आजीची मिरवणूक निघाली होती. खरं म्हणजे त्या हंगामात अकोल्याच्या आसपास रिकामी बैलबंडी मिळत नव्हती. साता समुद्रापलीकडं कुणाची तरी लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला आणि विलायतेतल्या गिरण्यांना आमच्या काळ्या रानाची आठवण आली. खताच्या बंड्या, लाकडाच्या बंड्या, देवाच्या बंड्यासुद्धा कापूस वाहू लागल्या. शेवटी बाबांनी अमरावतीच्या बाजाराला निघालेल्या एका गाडीवानाचे पाय धरले आणि नवरीला कापसावर चढवलं.

मी असेन अकरा-बारा वर्षांची. नवं लुगडं, कोपरापर्यंत बांगड्या, आणि डोक्यात नुसता भुसा. रस्त्यानं माणसं थांबून आमच्या गाडीकडं बघत. मला वाटलं, माझं रूप बघतात. मान अशी ताठ केली की मूर्तिजापूरपर्यंत खाली म्हणून घेतली नाही. मान दुखायला लागली तेव्हा गाडीवानाला विचारलं, "काका, हे लोकं काहून पाह्यते एवढं?"

"कापूस पाह्यते पोरी," तो मागं न वळता म्हणाला. "साफ हाय का डागी हाय. तू जरा बाजूले सरक, माल दबून राह्यला."

अमरावतीला मी वाकडी मान घेऊन उतरले. सासूबाईंना वाटलं, सून जन्माचीच वाकडी आहे.

निघताना माय रडली नव्हती. तिला बाजाराला उशीर होत होता. डोक्यावर वांग्यांची पाटी तशीच ठेवून ती मळ्याच्या फाटकात उभी राहिली आणि म्हणाली, "काही इसरली तं मळ्यात जाय." बस. दुसऱ्यांच्या आया सांगतात सासूचा मान राख, दिव्याला नमस्कार कर. माझी माय हे सांगत होती. आणि माझी धाकटी बहीण बनी, सहा-सात वर्षांची, विहिरीजवळच्या वाफ्यात माझ्याकडं पाठ करून बसली होती. मी दोनदा हाक मारली. तिनं झेंडूचं एक फूल तोडलं आणि कुस्करून पाटाच्या पाण्यात टाकलं. आमचा निरोप तो.

मायच्या त्या बोलण्याचा अर्थ सांगते, कारण तिकडं माहेरी राहिलेल्यांतही तो ठाऊक असलेलं आता कुणी नाही. आम्ही माळी. विहिरीवर मोट, मोटेचं पाणी पाटानं वाफ्यावाफ्यातून फिरायचं. मायला अक्षर येत नव्हतं, पण बाजारात कुणाला काय पाहिजे ते ती दुसऱ्या दिवशी बरोबर घेऊन जायची. तिची रीत अशी. डोळे मिटायचे, मनातल्या मनात फाटकातून आत शिरायचं, आणि पाण्यासारखं वाफ्यावाफ्यातून जायचं. जे लक्षात ठेवायचं ते एकेका वाफ्यात ठेवत जायचं. सोनाराच्या बायकोला लिंबं पाहिजेत, तर सोनाराच्या बायकोलाच वांग्यात बसवायची, नथीत लिंबू लटकवून. "हासू आलं पाह्यजे," माय म्हणायची. "हासू आलं का माणूस इसरत नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकातून शिरायचं आणि जिथलं तिथून उचलून आणायचं.

मी हे ऐकलं होतं, पण शहाणी ना मी! सासरी गेल्यावर मी माझी युक्ती काढली. जे काम सांगतील त्याची पदराला गाठ मारायची. राजापेठेच्या अंगाला आमचं सासरचं घर, फुलांचा धंदा. पण कापसाच्या त्या दिवसांत फुलं कोण घेतो? सासूबाईंनी हारांचा दोरा गुंडाळून ठेवला आणि कापूस घेऊन येणाऱ्या गाडीवानांना भाकरी रांधून द्यायला सुरुवात केली. चुलीपाशी धूर, दारात बैल, अंगणात परगावची माणसं. कुणाला तिखट नको, कुणाला बिनमिठाचं, कुणाला कण्या. मी गाठी मारत सुटले. संध्याकाळपर्यंत पदर असा झाला की डोक्यावर बसेना. आणि कुठली गाठ कशाची, ते देव जाणे. गाठी राहिल्या, कामं गेली.

सासूबाईंनी पदर हातात धरून पाहिला. "सूनबाई, हा पदर हाये का मासे धरायचं जाळं?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा मळ्यात गेले. तव्यासमोर बसल्या बसल्या डोळे मिटले आणि फाटकातून शिरले. सारं जिथल्या तिथं होतं. आधी वांगी, मग मिरची, मग कांदे, लसूण, मेथी, शेवटी सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मी दाढीवाल्या गाडीवानाला मिरचीत उभा केला, दाढीला मिरच्या लागलेल्या, म्हणजे याला तिखट नको. व्यापाऱ्याचा एक कारकून यायचा, कांदा-लसूण न खाणारा, कपाळावर गंध, बोलणं हळू. त्याला मेथीत मांडी घालून बसवला. अशी बसवाबसव केली आणि एक चूक झाली नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी वाकडी हाये, पण डोकं सरळ हाये." मला केवढा चढला तो शब्द! शेजारणींना बोलावून मी डोळे मिटून दाखवायची. देवी अंगात आल्यासारखं डोलायचीही थोडी. काय ते सोंग!

पण बाईंचं शहाणपण पाऊसकाळापर्यंतच. आषाढ आला. माळ्याच्या पोरीला कोण सांगणार की आता वांगी काढा आणि गवार टोचा? माझ्याही नकळत मी मनातल्या मळ्यात पेरण्या बदलल्या. जिथं मेथी होती तिथं कांद्याचं रोप लावलं, फेरपालट केली, झकास पाणी दिलं. आणि कारकून बिचारा जाऊन बसला कांद्यात. मी त्याला कांद्याची भाजी आणि वर लसणाची चटणी वाढली, आग्रहानं. त्यानं घास तोंडात घातला, आणि मग अंगणात जे झालं ते काय सांगू. त्यानं आंघोळ केली, उपास धरला. सासरे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या कुणाच्या घरात अशी चूक झाली नसती. त्याला माळीणच लागते.

नागपंचमीला माहेरी गेले तेव्हा मायला सांगितलं. माय हसता हसता खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "मनातल्या मळ्यात हंगाम येऊ द्याचा नसते वं. एक दिवस धराचा आन् तोच ठेवाचा. तू गेली तो दिवस धर."

म्हणून मी तो दिवस धरला. मी कापसावर बसून निघाले त्या सकाळी जे जिथं होतं, तेच तिथं. ते बरं झालं. कारण मायनं हे सांगितलं तेव्हा आम्ही ज्या बांधावर बसलो होतो, त्याच्या पुढं मळा नव्हता. बाबांनी सारे वाफे मोडून सरकी टोचली होती. हातहात उंच कापसाची पऱ्हाटी उभी होती. बाबांचंही काय चुकलं? गावात जो तो तेच करत होता. माय पऱ्हाटीकडं बघत म्हणाली, "खाता येत नाही आन् केसात माळता येत नाही. पीक म्हणाचं याले?"

पुढं ती लढाई संपली म्हणे, भाव उतरला. तोवर आमची मोट थांबली होती. कापसाला मोटेचं पाणी लागत नाही. न उपसलेली विहीर गाळानं भरत गेली, आणि मळा काही परत लावला नाही कुणी. आगगाडी आली, माय गेली, बाबा गेले. बनीचं लग्न अकोल्यातच झालं, ती तिकडंच राहिली. मी इकडची झाले. माझ्या बोलण्यात 'माझा गाव' म्हणजे अमरावती कधी झाली, ते मला कळलंही नाही.

पण मळा चालू होता. सारं आयुष्य मी त्यात ठेवलं. सहा बाळंतपणांचे काढे वांग्यात. लेकीच्या लग्नातले रुसणारे पाहुणे मिरचीत, सगळे एका रांगेत. सासऱ्यांचं श्राद्ध लसणाच्या कडेला. फक्त विहिरीजवळच्या वाफ्यात मी कधी काही ठेवलं नाही. तो वाफा बाजाराचा नव्हता. मायनं तो बनीला दिला होता आणि बनीनं त्यात झेंडू लावले होते. न विचारता पाय ठेवला तर ती चावायची. अजूनही मनातसुद्धा मी तो वळसा घालून जाते.

म्हातारपणी नातीच्या पाटीवर अक्षरं शिकले. मोठी हौस! मग जे ते लिहून ठेवू लागले. आणि तेव्हापासून मळ्यात तण माजलं. लिहिलं की डोकं म्हणतं, चला, आपण सुटलो. आता चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, आणि मिरचीच्या वाफ्यात तो दाढीवाला मात्र अजून उभा आहे. जा म्हटलं तरी जात नाही. ज्यांना लक्षात ठेवायचं त्यांनी लिहू नये, असं मी हे लिहूनच सांगते आहे. हसा.

बनीची सून गंगा. तिनं निरोप पाठवला की आईंना काही याद राहत नाही, एकदा येऊन जा. मी बडनेऱ्याहून गाडीत बसून गेले. बनी ओसरीवर बसली होती, हाताला काही काम नाही. माझ्याकडं पाहून म्हणाली, "या, बसा. कोणाकडचे पाव्हणे?"

गंगा कानाशी म्हणाली, "मावशी, मनावर घेऊ नका. नवऱ्याचं नाव इसरल्या, जेवल्या का नाही ते इसरतात."

मी मनावर घेतलं. पण रडून काय होतं? मायला बाजाराची घाई होती तशी मलाही घाई होती. मी बनीसमोर बसले आणि म्हटलं, "आपल्या मळ्यात फाटकाशी मिरची व्हती, नाही?"

 तिच्या कपाळाला आठी पडली. "मिरची? फाटकाशी वांगे व्हते."

"मिरची व्हती."

"वांगे! काहून खोटं बोलतं वं बाई?"

बाई! मला ती लहानपणापासून बाईच म्हणायची. सबंध दुपार मी कुणीच नव्हते, एका खोट्यानं मी तिची बाई झाले. मग काय विचारता. मी कांद्याच्या जागी मुळे लावले, सांभार उचलून पाटापलीकडं नेला. ती चिडून चिडून एकेक जागेवर आणत होती, आणि वाफ्याबरोबर माणसंही येत होती. माय आली, बाबा आले, मोटेचा शिंगमोड्या बैल आला. शेवटी मी मुद्दाम म्हटलं, "विहिरीजवळ मुळे व्हते."

"मुळे? माह्या वाफ्यात? माह्या झेंडूत मुळे?" तिनं माझा हात धरला तो अजून दुखतो. गंगा दारात उभी राहून पदर तोंडाशी धरून बघत होती.

तेव्हापासून मी जात राहिले. माझे गुडघे गाडीच्या पायरीला भितात, मुलगा म्हणतो, "माय, आता नको." पण मी जायची आणि खोटं बोलायची. औषध ते. वैद्याच्या चाटणानं आलं नाही ते तिला माझ्या लबाडीनं येत होतं. दरवेळी वेळ मात्र जास्त लागायचा. आधी ती वांग्यालाच भडकायची. मग लसणापर्यंत गप्प राहू लागली. मी खोटं वाढवत गेले. एकदा तर सांगितलं की मळ्यात ऊस होता. तिनं होय म्हणून मान हलवली. पण विहिरीपाशी आलो की ती चवताळून उठायचीच. झेंडूवर मी कधी हरले नाही. म्हणजे जिंकले नाही. तुम्ही समजून घ्या.

या संक्रांतीनंतर गेले. ऊन ओसरीवर आलं होतं. वांग्यांपासून सारं खोटं सांगत आले. ती ऐकत होती, चेहरा शांत, लहान मुलीसारखा. शेवटी म्हटलं, "आन् विहिरीजवळ मुळे व्हते, बने."

मी हात पुढं करून बसले होते, धरेल म्हणून.

"असंल, माय," ती म्हणाली.

थकवा काय असतो ते मला त्या क्षणी कळलं. कापसावर बसून आलेल्या पोरीची मान दुखली होती, तेवढंच. हे वेगळं. साऱ्या जगात मला खोटं पाडणारं एकच माणूस उरलं होतं, आणि त्यानं माझं खोटं खरं मानलं.

 मग तिचा हात मीच धरला, डोळे मिटले आणि पुन्हा फाटकातून शिरले. या वेळी खरं सांगत गेले. वांगी. मिरची. कांदे. लसूण. मेथी. सांभार. पाटातलं पाणी कुठं वळतं ते. बैल कुठं थांबतो ते. ती गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती.

"कोनाचा मळा वं हा?" तिनं विचारलं.

"आपला."

"आपला?" ती माझ्याकडं बघत राहिली. "मंग मले काहून नाही नेलं कधी?"

तिकडं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या कुठं कुठं गेलेल्यांनो, तुमची घरं कुठं आहेत ते तुम्ही जाणा. अकोल्यात आता आमचं म्हणावं असं रान नाही. अमरावतीत मोठं घर आहे, त्यात मला चष्मा सापडत नाही. गुडघे चालतील तोवर मी बनीकडं जाते. ती मला पाव्हणी म्हणते, मी बसते, हात धरते आणि तिला नेते. फाटकातून, वाफ्यावाफ्यानं, पाण्यासारखं. विहिरीपाशी आलं की वळसा न घालता थांबते, आणि सांगते, हे झेंडू, हे तुझे. खोटं बोलायची सोय आता राहिली नाही.